मेघनाद साहा : उष्णतेच्या शास्त्राचा एक उपासक

१

नागपूरहून जबलपूरकडे जाणारा रस्ता शहराच्या अलीकडे जेथे नर्मदा ओलांडतो, ते ठिकाण तिलवारा घाट या नावाने ओळखले जाते. मार्च १९३९ मध्ये या घाटाच्या परिसरात विष्णुदत्तनगर नावाची एक तात्पुरती नगरी उभारण्यात आली आणि तेथे काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले. कलचुरी राजांची प्राचीन राजधानी त्रिपुरी तेथून जवळच असल्यामुळे इतिहासात ते त्रिपुरी काँग्रेस म्हणून नोंदले गेले. दुसऱ्यांदा निवडून आलेले अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने अंथरुणाला खिळले होते. बावन्न हत्तींच्या मिरवणुकीतून त्यांची प्रतिमा नेण्यात आली आणि मंडपात मात्र त्यांचे हात बांधून टाकणारा ठराव संमत झाला. पुढच्याच महिन्यात त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला.

या अधिवेशनाचा इतिहास दोन नेत्यांमधील मतभेदाचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि ते योग्यही आहे. परंतु त्या वर्षांत काँग्रेसपुढे आणखी एक प्रश्न उभा होता. उद्याच्या भारताने आपले बळ कोठून आणावयाचे? माणसाच्या आणि बैलाच्या स्नायूंतून, की खाणीतल्या कोळशातून आणि नदीच्या वाहत्या पाण्यातून? बैलगाडीच्या जीवनाकडे परत जावयाचे, की उद्योगाची वाट धरावयाची? हा प्रश्न ऑगस्ट १९३८ मध्ये कलकत्त्यात, एका विज्ञानसंस्थेच्या सभेत, सुभाषबाबूंना समोरासमोर विचारला गेला होता. विचारणारे गृहस्थ राजकारणी नव्हते. ते भौतिकीचे प्राध्यापक होते आणि सूर्याच्या वातावरणासंबंधी त्यांनी सिद्ध केलेले समीकरण जगभरच्या वेधशाळांत वापरले जात होते. त्यांचे नाव मेघनाद साहा.

तारे आणि राष्ट्रीय नियोजन हे दोन विषय वरवर पाहता एकमेकांपासून फार दूरचे वाटतात. साहांच्या आयुष्यात मात्र ते एकाच शास्त्रातून निघाले. ते शास्त्र म्हणजे ऊष्मागतिकी, म्हणजेच उष्णता आणि कार्य यांचा जमाखर्च मांडणारे शास्त्र, आणि त्याचीच सूक्ष्म पातळीवरील बाजू असलेली सांख्यिकीय यामिकी. भौतिकीच्या विद्यार्थ्याला या दोन विषयांची ओळख पाठ्यपुस्तकातून होते. त्यांचा अर्थ एखाद्या आयुष्यात कसा उतरतो, हे साहांच्या चरित्रातून पाहता येते.

२

साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातील शेओडातली या खेड्यात झाला. वडील जगन्नाथ यांचे किराणा मालाचे लहानसे दुकान होते, आई भुवनेश्वरी. आठ भावंडांतील हे पाचवे. घरात शिक्षणाची परंपरा नव्हती, आणि मुलाने अक्षरओळख झाली की दुकानावर बसावे, याहून वेगळी अपेक्षा करण्याची ऐपतही नव्हती. गावात प्राथमिक शाळेच्या पुढे सोय नव्हती. काही मैलांवरच्या शिमुलिया गावी मधली शाळा होती. तेथील अनंतकुमार दास या वैद्याने मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले. मोबदल्यात मुलाने आपले ताट आपण घासावे आणि गोठ्यातील गाईची निगा राखावी, असे ठरले. जातीने खालच्या मानलेल्या मुलाचे उष्टे ताट त्या घरात दुसऱ्या कोणी उचलणार नव्हते. उपकार आणि उपेक्षा एकाच घरात कशी नांदतात, हा अनुभव साहांना बालपणीच मिळाला.

शिष्यवृत्ती मिळवून १९०५ मध्ये ते ढाक्याच्या कॉलेजिएट स्कूलमध्ये दाखल झाले. ते वर्ष वंगभंगाचे होते. गव्हर्नर फुलर यांच्या भेटीच्या वेळी निषेध म्हणून जी मुले अनवाणी शाळेत आली, त्यांत साहा होते. शिष्यवृत्तीही गेली आणि शाळाही सुटली. एका खाजगी शाळेने त्यांना आश्रय दिला आणि १९०९ च्या प्रवेश परीक्षेत ते पूर्व बंगालात पहिले आले. पुढे ढाका कॉलेजात त्यांनी जर्मन भाषा शिकून घेतली. त्या वेळी ती केवळ परीक्षेतील एक जादा विषय होती; परंतु दहा वर्षांनी तीच त्यांच्या संशोधनाची किल्ली ठरली.

१९११ मध्ये साहा कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे तेथे शिकवीत होते. वर्गात सत्येंद्रनाथ बोस होते. बी. एस्सी. आणि एम्. एस्सी. या दोन्ही परीक्षांत सत्येंद्रनाथ पहिले आणि मेघनाद दुसरे आले. वसतिगृहात मात्र शिमुलियाचाच अनुभव पुन्हा आला. काही उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांच्यासह एका पंक्तीस बसण्याचे नाकारले आणि सरस्वतीपूजेच्या वेळीही त्यांना दूर ठेवले. विद्येच्या देवतेच्या मंडपात विद्यार्थ्याला प्रवेश नसावा, ही विसंगती साहांच्या मनात कायमची रुतली. पुढे धर्म आणि रूढी यांविषयी त्यांनी जे कठोर लेखन केले, त्याची मुळे येथे आहेत.

सरकारी वित्तसेवेच्या परीक्षेस बसावे असा त्यांचा विचार होता. परंतु क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून परवानगी मिळाली नाही. १९१६ मध्ये आशुतोष मुखर्जी यांनी नव्या विज्ञान महाविद्यालयात दोघा तरुणांना, साहा आणि बोस यांना, घेतले. सरकारला नको असलेला माणूस विद्यापीठाला मिळाला.

३

साहांचे शिक्षण गणिताचे. पण त्यांच्याकडे काम आले ते भौतिकी शिकविण्याचे, आणि त्यात ऊष्मागतिकी. हा विषय त्यांना कोणी नीट शिकविला नव्हता. युद्धामुळे जर्मन ग्रंथ मिळणे दुरापास्त झाले होते. पॉल ब्रूल या शिवपूरच्या प्राध्यापकांच्या संग्रहातून काही ग्रंथ हाती आले आणि प्लांक व नेर्न्स्ट वाचीत वाचीत साहा आधी स्वतः शिकले, मग त्यांनी वर्गाला शिकविले. विद्यार्थ्यांपेक्षा एकच पाऊल पुढे असलेला शिक्षक ज्या बारकाईने विषय पाहतो, ती बारकाई त्यातून आली.

या विषयाचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. तिलवाऱ्याहून नर्मदा पुढे भेडाघाटला जाते आणि तेथे धुवाँधारमध्ये कोसळते. वर असलेल्या पाण्याची ऊर्जा खाली येताना कोठे जाते? ऊष्मागतिकीचा पहिला नियम सांगतो की ती नाहीशी होत नाही. पाण्याच्या खळबळाटातून तिची उष्णता होते. हा हिशेब अचूक मांडता येतो. पाणी सुमारे ४२७ मीटर खाली पडले, तर त्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढेल. धुवाँधारची उडी त्या मानाने फारच लहान असल्यामुळे तेथे ही वाढ एका अंशाच्या दहाव्या हिश्शाचीही नाही आणि हाताला ती कळत नाही. ऊर्जा शिल्लक आहे, पण ती अशा रूपात विखुरली आहे की तिच्याकडून काम करवून घेता येत नाही. तेच पाणी वाटेत चाकावर घेतले असते, तर त्याने जाते फिरविले असते किंवा वीज दिली असती.

येथेच दुसरा नियम येतो. खाली पडून किंचित तापलेले पाणी आपण होऊन थंड होत नाही आणि त्या उष्णतेच्या बळावर पुन्हा वर चढत नाही. पहिल्या नियमाची त्याला हरकत नसती. जमाखर्च जुळलाच असता. पण निसर्गातील व्यवहारांना दिशा आहे. ही दिशा मोजणारी राशी म्हणजे एन्ट्रॉपी. १८६५ मध्ये क्लाउझियस यांनी तिला हे नाव दिले. बोल्टझमान यांनी तिचा अर्थ रेणूंच्या भाषेत सांगितला. वायूतील रेणूंची एखादी अवस्था जितक्या अधिक प्रकारांनी घडू शकते, तितकी तिची एन्ट्रॉपी अधिक. खोलीतील सारी हवा एका कोपऱ्यात जमणे कोणत्याही नियमाने निषिद्ध नाही; तसे घडण्याचे प्रकार इतके थोडे आणि पसरून राहण्याचे इतके अगणित, की ते कधी दिसत नाही एवढेच. नियमाच्या जागी संभाव्यता आणून ठेवणारी ही दृष्टी म्हणजे सांख्यिकीय यामिकी.

या शास्त्राचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, वस्तू कशाची बनली आहे याची तपशीलवार माहिती नसतानाही ते तिच्याविषयी बोलू शकते. कार्नो यांचा १८२४ मधील विचार वाफेच्या यंत्रावरून सुचला. पण तो कोणत्याही यंत्राला लागू पडला. ज्याच्याजवळ प्रयोगशाळा नाही, दुर्बीण नाही, उच्च तापमानाची भट्टी नाही, अशा माणसालाही हे शास्त्र कागद आणि लेखणीच्या बळावर दूरवर जाऊ देते. १९१९ मध्ये कलकत्त्यातल्या एका तरुण अध्यापकाची परिस्थिती नेमकी अशी होती. त्याआधी, १९१७ मध्ये, त्यांचा एक दीर्घ निबंध अमेरिकेतील प्रसिद्ध ज्योतिर्भौतिकी नियतकालिकाने छापण्याची तयारी दाखविली होती. अट एवढीच की, छपाईच्या खर्चाचा काही भार लेखकाने उचलावा. तेवढे पैसे साहांजवळ नव्हते.

४

सूर्याच्या वर्णपटासंबंधी एक कोडे त्या काळी ज्योतिर्विदांना छळीत होते. ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेचा जो पातळ थर उजळून दिसतो, त्या वर्णगोलात कॅल्शियमच्या दोन प्रकारच्या रेषा दिसत. काही रेषा अखंड कॅल्शियम अणूच्या होत्या आणि काही एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या, म्हणजे आयनीभूत, कॅल्शियमच्या. दुसऱ्या प्रकारच्या रेषा पहिल्यापेक्षा हजारो किलोमीटर अधिक उंचीपर्यंत दिसत. वर जावे तसा वायू विरळ होतो. तेथे अणू अधिक प्रमाणात फुटतात असा याचा अर्थ होता. पण का?

साहांना वाट सापडली ती रसायनशास्त्रात. चुनखडी तापविली की तिचे विघटन होते. किती होईल हे तापमान आणि दाब यांवर ठरते, आणि हा हिशेब नेर्न्स्ट यांनी ऊष्मागतिकीच्या साहाय्याने बसविला होता. त्यांचे शिष्य एग्गर्ट यांनी १९१९ मध्ये हीच पद्धत ताऱ्यांच्या अंतर्भागाला लावण्याचा प्रयत्न केला. तो निबंध वाचताना साहांच्या लक्षात आले की, अणूतून इलेक्ट्रॉन सोडविण्यास लागणाऱ्या ऊर्जेचे आकडे एग्गर्ट यांनी अंदाजाने घेतले आहेत. बोर यांच्या अणुसिद्धांतामुळे आणि प्रयोगांमुळे तेच आकडे आता नेमकेपणाने उपलब्ध होते. मग अणू फुटून आयन आणि इलेक्ट्रॉन होणे ही एक साधी रासायनिक क्रियाच मानावयाची. चुनखडीला जो नियम, तोच सूर्यावरच्या कॅल्शियमला. या एका साम्यातून साहांचे समीकरण जन्मास आले. १९२० मध्ये इंग्लंडमधील 'फिलॉसॉफिकल मॅगझीन'मध्ये ते प्रसिद्ध झाले.

समीकरणाचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कॅल्शियमच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन सोडविण्यास सुमारे ६.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. सूर्यपृष्ठाचे तापमान सुमारे ५,८०० केल्व्हिन आहे आणि तेथे कणांच्या वाट्याला येणाऱ्या औष्णिक ऊर्जेचे मान साधारण अर्धा इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणजे लागणारी किंमत गाठीच्या रकमेच्या बारापट. बोल्टझमान यांच्या नियमानुसार हा अडसर ओलांडण्याची अनुकूलता दोन लाखांत एक इतकीच ठरते. एवढ्यावर थांबले तर सूर्यावर आयनीभूत कॅल्शियम दिसताच कामा नये. परंतु हिशेबाची दुसरी बाजू अजून मांडावयाची आहे. सुटलेल्या इलेक्ट्रॉनला राहण्यासाठी किती अवस्था मोकळ्या आहेत? सूर्यपृष्ठावरचा वायू इतका विरळ आहे की, दर मुक्त इलेक्ट्रॉनमागे अशा अवस्था एक कोटीहून अधिक निघतात. दोन लाखांत एक ही प्रतिकूलता या कोटीने पार धुऊन निघते, आणि सूर्यपृष्ठावरील बहुतेक कॅल्शियम आयनीभूत अवस्थेत असते. वर जावे तसा दाब घटतो, मोकळ्या अवस्था वाढतात आणि आयनांचे प्रमाणही वाढते. कोडे सुटले. ऊर्जेच्या दृष्टीने जे परवडत नाही, ते संख्येच्या बळावर घडते. सांख्यिकीय यामिकीचा याहून बोलका धडा विद्यार्थ्यास क्वचितच मिळेल.

याचे परिणाम फार दूरवर गेले. हार्वर्डच्या वेधशाळेत लक्षावधी ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांची वर्गवारी करण्यात आली होती. पण काही ताऱ्यांत हेलियमच्या रेषा ठळक, काहींत धातूंच्या, असे का, हे निश्चित सांगता येत नव्हते. ताऱ्यांची द्रव्येच निरनिराळी असावीत, असा समज सहज होई. साहांनी दाखविले की, भेद मुख्यतः तापमानाचा आहे. वर्गवारीची ती ओळ म्हणजे उष्णतेची शिडी होती. सूर्यात रुबिडियम आढळत नाही याचे कारण तो धातू तेथे नाही हे नसून, त्याचे अणू तेथे जवळजवळ सारे फुटलेले असतात हे आहे. अधिक थंड अशा सौर डागांत तो दिसावा, असे त्यांनी भाकीत केले. अमेरिकन ज्योतिर्विद रसेल यांनी डागांच्या वर्णपटात रुबिडियमच्या रेषा शोधून काढल्या. १९२५ मध्ये सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने हेच समीकरण वापरून तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनले आहेत या निष्कर्षाप्रत मजल मारली. तो स्वीकारण्यास जाणत्यांनाही काही वर्षे लागली.

१९२० साली साहा युरोपला गेले. लंडनमध्ये आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत त्यांना वर्णपटांची विपुल सामग्री पाहावयास मिळाली. बर्लिनमध्ये प्रत्यक्ष नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत, तापविलेल्या वायूत आयन होतात की नाही, हे तपासण्याचा त्यांनी प्रयत्न केला. परंतु सिद्धांताची पुढील घडण केंब्रिजच्या फाउलर आणि मिल्न यांनी केली आणि वेधांची फळे मोठ्या दुर्बिणी असलेल्या अमेरिकनांच्या हाती पडली. बी आपण पेरावे आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यावर जावे, ही खंत साहांना होती. तिचा दोष त्यांनी व्यक्तींना दिला नाही. साधनांवाचून विज्ञान फार काळ चालत नाही, आणि साधने दरिद्री देशाला परवडत नाहीत, हा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. नियोजनाकडे नेणारी वाट येथून सुरू झाली.

५

१९२३ मध्ये साहा अलाहाबाद विद्यापीठात आले आणि पंधरा वर्षे तेथे राहिले. १९२७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. प्रयोगशाळा तुटपुंजी, तासिका भरपूर, अनुदान अनिश्चित, अशा स्थितीत त्यांनी विद्यार्थ्यांची एक पिढी घडविली. दौलतसिंग कोठारी त्यांच्यापैकीच. वर्गमित्राशी असलेले नातेही तुटले नव्हते. १९२० मध्ये साहा आणि बोस यांनी आइन्स्टाइन व मिन्कोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील मूळ जर्मन निबंधांचे इंग्रजी भाषांतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले होते. १९२४ मध्ये ढाक्यास बोसांकडे गेले असता प्लांकच्या नियमाच्या सिद्धतेविषयी जे नवे लेखन झाले होते, त्याकडे साहांनी मित्राचे लक्ष वेधले. त्याच वर्षी बोसांनी आपला प्रसिद्ध निबंध आइन्स्टाइन यांना पाठविला. सांख्यिकीय यामिकीच्या इतिहासात कलकत्त्याच्या एकाच वर्गातील दोन नावे लागोपाठ यावीत, हा निव्वळ योगायोग नव्हे. दोघांनी मिळून केलेल्या वाचनाचा तो परिपाक होता.

या काळातील साहांचे आणखी एक काम चरित्रकार सहसा ओझरते उल्लेखितात. ते म्हणजे बी. एन्. श्रीवास्तव यांच्यासह लिहिलेले उष्णतेवरील पाठ्यपुस्तक. १९३१ मध्ये ते अलाहाबादेस निघाले आणि पुढे विस्तार पावून 'अ ट्रीटाइज ऑन हीट' या नावाने भारतभरच्या महाविद्यालयांत अनेक दशके अभ्यासले गेले. तापमापन आणि उष्णतामापन यांपासून आरंभ करून वायूंचा गतिसिद्धांत, उष्णतेची यंत्रे, वायूंचे द्रवीकरण, ऊष्मागतिकीचे नियम आणि प्रारण येथपर्यंत ते विद्यार्थ्याला नेते. ज्याला हा विषय परक्या भाषेतील उसन्या पुस्तकांतून शिकावा लागला, त्याने पुढच्या मुलांसाठी घाट बांधून ठेवला, असे या ग्रंथाविषयी म्हणता येईल. समीकरणाने साहांना कीर्ती दिली. पाठ्यपुस्तकाने त्यांचा विषय या देशात रुजविला. शास्त्राच्या इतिहासात पहिल्या कामाची नोंद होते, दुसऱ्याचे ऋण सहसा मांडले जात नाही.

१९३४ मध्ये मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे साहा अध्यक्ष होते, आणि देशव्यापी विज्ञान अकादमीची कल्पना त्यांनी तेथे आग्रहाने मांडली. १९३५ पासून 'सायन्स अँड कल्चर' हे मासिक त्यांच्या प्रेरणेने निघू लागले. पूर, कोळसा, वीज, शिक्षण, पंचांग अशा विषयांवर त्यांनी त्यात सातत्याने लिहिले. बंगालीतही त्यांनी लेखणी चालविली. सारे ज्ञान वेदांत पूर्वीच सांगून ठेवले आहे, या समजुतीवर 'भारतवर्ष' मासिकातून त्यांनी केलेला उपरोधिक हल्ला आणि त्यावर झालेला वाद बंगाली वाचक अजून विसरलेले नाहीत. या लेखनात सौम्यता नाही. परंतु सरस्वतीच्या मंडपाबाहेर उभे केलेल्या विद्यार्थ्याचा आवाज त्यात ओळखू येतो.

६

१९३८ मध्ये साहा कलकत्त्यास परतले. सुभाषबाबू त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि ऑगस्टच्या सभेतील प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर उद्योगीकरणाच्या बाजूचे होते. ऑक्टोबरमध्ये दिल्लीस उद्योगमंत्र्यांची परिषद झाली आणि राष्ट्रीय नियोजन समिती अस्तित्वात आली. तिचे अध्यक्षपद जवाहरलाल नेहरूंनी स्वीकारावे, म्हणजे तिच्या शब्दाला राजकीय वजन येईल, असे साहांचे मत होते. त्यासाठी ते शांतिनिकेतनास जाऊन रवींद्रनाथांना भेटले. डिसेंबर १९३८ मध्ये समितीची पहिली बैठक मुंबईत भरली. इंधन आणि वीज यांचा विचार करणाऱ्या उपसमितीची धुरा साहांकडे आली.

त्यांचा युक्तिवाद ऊष्मागतिकीच्या अभ्यासकाचा होता. माणसाच्या देहाकडून दिवसभरात मिळणारे काम फार थोडे आहे; ते कितीही कष्टाने वाढविले तरी त्याची मर्यादा ठरलेली आहे. ज्या देशांनी दारिद्र्य मागे टाकले, त्यांनी माणशी वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचे मान वाढविले म्हणूनच टाकले. म्हणून चरखा हे नैतिक प्रतीक कितीही थोर असले, तरी दारिद्र्याच्या हिशेबात त्याची बेरीज अपुरी पडते. गांधीजींच्या अर्थविचाराशी साहांचे या मुद्द्यावर कधी जुळले नाही, आणि ते त्यांनी लपविलेही नाही. १९३९ च्या मार्चमध्ये तिलवाऱ्यास जे घडले, त्याने समितीचा जनक काँग्रेसच्या बाहेर फेकला गेला. समिती मात्र नेहरूंच्या अध्यक्षतेखाली चालू राहिली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या नियोजनाचा पाया तिच्या अहवालांनी घातला.

साहांचे लक्ष नद्यांकडे विशेष होते. बंगालमधील महापुरांत त्यांनी मदतकार्य केले होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला पूर आला, तेव्हा पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करण्याची योजना त्यांनी हिरिरीने मांडली. अमेरिकेतील टेनेसी खोरे हा त्यांच्यापुढचा नमुना होता. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. वरून कोसळणारे पाणी निरर्थक उष्णतेत विरून जाण्यापूर्वी त्याच्याकडून काम घ्यावे, हा धुवाँधारचा धडाच एका खोऱ्याला लावलेला होता.

७

१९५२ मध्ये साहा अपक्ष म्हणून कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. या समितीत मराठी विद्वत्तेचा वाटा मोठा होता. नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी, 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि उज्जैनचे र. वि. वैद्य हे तिचे सदस्य होते. शुद्ध पंचांगाचा वाद महाराष्ट्रात टिळकांच्या काळापासून चालत आलेला असल्यामुळे या मंडळींना प्रश्न नवा नव्हता. सूर्यसिद्धांतातील वर्ष ऋतुचक्राच्या वर्षाहून सुमारे २४ मिनिटांनी मोठे आहे. एका वर्षात ही चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. १,४०० वर्षांत तिचे २३ दिवस होतात आणि सण ऋतूंपासून ढळतात. सूक्ष्म अंतर साचत जाऊन मोठे होते आणि हिशेब वेळीच न तपासला तर तो निस्तरणे अवघड होते, हा शास्त्रज्ञाचा अनुभव साहांनी कालगणनेलाही लावला. समितीने सुचविलेले राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ शके या दिवशी, अंमलात आले. ते पाहण्यास साहा हयात नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत, नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जात असता, हृदयविकाराच्या झटक्याने वाटेतच त्यांचे निधन झाले.

नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचविले गेले. तो मिळाला नाही. स्वभाव तापट आणि वाणी कडवट असल्यामुळे सत्तेच्या जवळ ते टिकले नाहीत. अणुऊर्जेच्या धोरणाविषयी त्यांचे सरकारशी मतभेद झाले. मात्र १९५० मध्ये कलकत्त्यात उभी राहिलेली अणुकेंद्रीय भौतिकीची संस्था त्यांच्याच नावाने आज ओळखली जाते.

त्यांच्या विचारातील एक उणीवही नमूद केली पाहिजे. दुसरा नियम असे शिकवितो की, ऊर्जेच्या प्रत्येक रूपांतराची काही किंमत असते आणि ती परत मिळत नाही. यंत्राच्या बाबतीत साहांनी ही किंमत काटेकोरपणे मोजली. नदी अडविली असता ज्यांची गावे पाण्याखाली जातात, त्यांची किंमत मात्र त्यांच्या पिढीच्या जमाखर्चात पुरेशी मांडली गेली नाही. तिलवाऱ्याच्या वरच्या अंगाला नर्मदेवर १९९० मध्ये पुरे झालेले बरगी धरण याचीच साक्ष देते. त्या धरणावरील वीजकेंद्राची क्षमता ९० मेगॅवॉट आहे आणि त्याच्या जलाशयाने १६२ गावांना झळ पोचली. ही दोन्ही संख्या एकाच ताळेबंदाच्या आहेत. जातीमुळे पंक्तीतून उठविल्या गेलेल्या माणसाला ताळेबंदातून वगळलेल्यांचे दुःख समजावून सांगावे लागले नसते. परंतु तो प्रश्न त्याच्या काळात त्या रूपाने कोणी विचारलाच नाही.

फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी तिलवारा घाटावर नर्मदेत विसर्जित करण्यात आल्या. तेथे त्यांचे स्मारक आहे. सुभाषबाबूंच्या अधिवेशनाची आठवणही त्याच परिसराशी निगडित आहे. साहांचे तेथे काही नाही, आणि असण्याचे कारणही नाही. त्यांचे स्मारक भौतिकीच्या वर्गात आहे. एखादा विद्यार्थी फळ्यावर कॅल्शियमच्या अणूचे समीकरण मांडतो, दोन लाखांत एक ही अनुकूलता पाहून प्रथम निराश होतो, आणि मग मोकळ्या अवस्थांची संख्या मोजून पाहतो, तेव्हा शेओडातलीच्या दुकानदाराच्या मुलाने मांडलेलाच हिशेब तो पुन्हा मांडीत असतो.